सुपारीभोवतीची भिंत

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले आणि ‘टॅरिफ’ हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. कोळंबीचे काय होणार, हिऱ्यांचे काय, तयार कपड्यांचे काय, यावर भरपूर बोलले गेले आणि ते गरजेचेही होते. पण त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. भिंती फक्त दुसरेच बांधतात असे नाही. आपणही बांधतो आणि त्यांतली एक बरीच उंच भिंत अशा वस्तूभोवती आहे, जी आपल्या तबकात, पूजेत, लग्नाच्या बोलणीत आणि पानटपरीवर रोज भेटते. ती वस्तू म्हणजे सुपारी. आरोग्याच्या सदरात आयातशुल्काचा विषय का, हे सांगायला सुपारीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. सरकार जिचा भाव राखते, तिच्याच पाकिटावर ती आरोग्याला घातक असल्याची सूचना छापायला लावते.

या गोष्टीतली सगळी पात्रे एकट्या रायगड जिल्ह्यात सापडतात. दक्षिणेला श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात पोफळीच्या वाड्या आहेत. श्रीवर्धनचा ‘रोठा’ आकाराने मोठा, कातरल्यावर पांढरा दिसणारा आणि दाताला मऊ, म्हणून नावाजलेला. अलिबागकडच्या गावांना ‘अष्टागर’ म्हणतात, त्यातले ‘आगर’ म्हणजे याच नारळी-पोफळीच्या बागा. उत्तरेला उरण तालुक्यात न्हावाशेवा बंदर आहे, जिथे परदेशी सुपारी कधी कागदोपत्री खरी, तर कधी भलत्याच मालाच्या नावाने उतरते. महसूल गुप्तचर संचालनालयाने इथे असे कंटेनर एकदा नव्हे, अनेकदा पकडले आहेत. आणि पनवेल तालुक्यात खारघरला टाटा मेमोरियलचे ‘अॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आहे, जिथे सुपारीची शेवटची पावती फाटते. बागाईतदार, बंदर आणि कर्करोग केंद्र असे तिन्ही एका जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत.

आधी भिंत किती उंच आहे ते पाहू. सुपारीवर मूळ सीमाशुल्क १०० टक्के आहे. जागतिक व्यापार संघटनेत भारताने सुपारीसाठी जी कमाल मर्यादा मान्य केली आहे, तीही १०० टक्केच. म्हणजे शुल्काच्या वाटेने आणखी वर जायला जागा उरलेली नाही. म्हणून सरकारने दुसरी वाट धरली, किमान आयात किंमत. २०१७ मध्ये ही किंमत किलोला २५१ रुपये ठरवली गेली. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी ती ३५१ रुपये झाली. माल, विमा आणि जहाजभाडे धरून ज्या सुपारीची किंमत याहून कमी भरते, ती आयातीला ‘निषिद्ध’. निर्यातीसाठी प्रक्रिया करणारे कारखाने वगैरे काही अपवाद आहेत, ते सोडून देऊ.

याचा अर्थ कागद-पेन्सिल घेऊन काढता येतो. समजा बाहेरच्या देशात सुपारी किलोला दीडशे रुपयांना मिळते. नुसते १०० टक्के शुल्क असते, तर ती आपल्या बंदरात तीनशेला पडली असती आणि देशी मालाशी तिची स्पर्धा झाली असती. किमान किमतीमुळे दीडशेची सुपारी आणताच येत नाही. आणायची तर ३५१ ची आणा, त्यावर ३५१ शुल्क भरा, म्हणजे ७०२ रुपये झाले. बाकीचे कर वेगळेच. देशी बाजारात चांगल्या सुक्या सुपारीचा भाव गेली काही वर्षे साडेतीनशे ते पाचशेच्या आसपास फिरत आला आहे. तेव्हा ७०२ ची सुपारी कोण घेईल? नाव किमान किमतीचे, परिणाम बंदीचा.

आता या भिंतीच्या आत काय राखले जाते ते पाहू.

सुपारीत अनेक अल्कलॉइड असतात, त्यांतले मुख्य अरेकोलिन. ते मेंदूतल्या आणि शरीरातल्या ठराविक ग्राहींवर काम करते. त्यामुळे थोडी तरतरी येते, लाळ सुटते, अंगात ऊब वाटते आणि पुन्हा एक तुकडा तोंडात टाकावासा वाटतो. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ असे म्हणणाऱ्याला सुपारी सोडून पाहायला सांगा, म्हणजे सवय कशाला म्हणतात ते त्याला आठवडाभरात कळते. सवय एवढाच प्रश्न असता, तरी आपण फार बोललो नसतो. पण गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली एक मंद उद्योग सुरू होतो. अरेकोलिन तिथल्या पेशींना कोलॅजन हे तंतुमय प्रथिन जास्त बनवायला लावते. सुपारीतली टॅनिने ते कोलॅजन मोडू देत नाहीत. सुपारीत तांब्याचे प्रमाण चांगलेच असते आणि तांबे ज्या विकराला जोर देते, तो या तंतूंना एकमेकांत घट्ट विणतो. नवे सूत येत राहते, जुने झिजत नाही आणि वीण आवळत जाते. काही वर्षांत गाल चामड्यासारखा ताठ होतो, तोंड उघडेनासे होते. याला तोंडातील सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५३ मध्ये या विकाराला हे नाव देऊन त्याचे वर्णन करणारे डॉ. एस. जी. जोशी मुंबईचेच.

हा विकार परत फिरत नाही. सुपारी सोडली तर पुढची हानी मंदावते, पण विणलेले सूत उलगडत नाही. अभ्यासागणिक आकडा बदलतो, तरी अशा शंभर रुग्णांतील साधारण चार ते आठ जणांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. त्यात तंबाखूची भर पडली, तर काय होते ते विदर्भातल्या खर्ऱ्याने दाखवून दिले आहेच.

सुपारीवरचा संशय नवा नाही आणि तो परदेशातून आयात झालेला तर मुळीच नाही. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात प्राण्यांवर सुपारीचे प्रयोग केले आणि ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. हीच संस्था पुढे खारघरच्या केंद्राचा भाग झाली. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूसह पानाला कर्करोगकारक ठरवले होते, पण तंबाखूविना पानाबद्दल पुरेसा पुरावा नाही असे म्हटले होते. २००४ च्या अहवालात हा आडोसाही गेला. तंबाखू नसलेले पान आणि खुद्द सुपारी, दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात असे निश्चित ठरलेल्या पदार्थांत आले. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त एक अंदाज मांडला. २०२२ साली जगात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले सुमारे १ लाख २० हजार धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांमुळे होते. आणि त्यांतले ८३ हजारांहून अधिक एकट्या भारतातले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणातील माहितीवरून काढलेला दुसरा आकडा असा की, भारतातले सुमारे २४ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात सुपारी खातात, त्यांतले निम्म्याहून अधिक तंबाखूसह आणि बाकीचे तंबाखूशिवाय. ‘मी तंबाखूला हात लावत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे बरेच लोक या बाकीच्यांत मोडतात.

इथे कोणी हुशार वाचक विचारेल की, मग भिंत चांगलीच नाही का? शुल्कामुळे सुपारी महाग होते, महाग झाली की लोक कमी खातात. तंबाखूवर कर वाढवा असे आरोग्याची माणसे सतत सांगतात, इथे सरकारने ते आपसूकच केले आहे. हा युक्तिवाद वरवरचा नाही, आणि याला एक खराखुरा दाखलाही आहे, तो थायलंडचा.

थायलंडने १९६६ च्या कायद्याच्या आधारे परदेशी सिगारेट जवळजवळ बंद ठेवली होती. देशी सिगारेट मात्र सरकारी मक्तेदारीतून खुशाल विकली जाई. अमेरिकेने ‘गॅट’कडे तक्रार केली. थायलंडने आरोग्याची ढाल पुढे केली. १९९० मध्ये निकाल थायलंडच्या विरोधात गेला. निकालाचा गाभा असा होता: आरोग्यासाठी निर्बंध जरूर घाला, पण देशी आणि परदेशी दोन्ही मालांवर सारखे घाला. घरचे विष विकायचे आणि बाहेरचे अडवायचे, याला आरोग्यरक्षण म्हणता येत नाही. पुढे थायलंडने नेमके तेच केले. जाहिरातींवर सरसकट बंदी घातली, उत्पादनशुल्क वाढवले, आणि तिथले धूम्रपान घटत गेले. त्याच सुमारास जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान यांनाही अमेरिकी दबावामुळे सिगारेटची बाजारपेठ उघडावी लागली होती. फ्रँक चालुप्का आणि अदित लैक्सुथाई या अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये मांडलेला हिशेब सांगतो की, बाजार उघडला नसता तर जितकी सिगारेट ओढली गेली असती, त्यापेक्षा या चार देशांत १९९१ साली दरडोई सुमारे १० टक्के जास्त ओढली गेली. तेव्हा भिंत पाडणे म्हणजे आरोग्य, असे सरधोपट समीकरण मांडता येणार नाही. उद्या ३५१ ची अट काढून टाकली आणि स्वस्त सुपारीचा पूर आला, तर त्याचा पहिला फायदा पाऊच भरणाऱ्यांना होईल.

पण शुल्काची भिंत आणि आरोग्यकर यांच्यात एक मूलभूत फरक आहे. करामुळे वाढलेली किंमत सरकारच्या तिजोरीत जाते आणि देशी-परदेशी सगळाच माल महाग होतो. भिंतीमुळे वाढलेली किंमत बहुतांशी देशी उत्पादकाच्या हातात जाते आणि त्याला सांगते, आणखी लाव. कर्नाटकात नेमके हेच झाले. पश्चिम घाटाच्या कुशीतली पारंपरिक पोफळ शिवमोग्ग्याहून खाली उतरून दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूरच्या कोरड्या पठारावर बोअरवेलच्या पाण्यावर पसरली. आज देशाच्या सुपारीतला दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा कर्नाटकचा आहे आणि देशाचे उत्पादन वर्षाला दहा लाख टनांहून बरेच वर गेले आहे. जगातली निम्म्याहून अधिक सुपारी आपण पिकवतो आणि जवळजवळ सगळी आपणच खातो. पोफळ हे काही भुईमुगाचे पीक नाही की यंदा भाव पडला, पुढच्या खेपेला दुसरे लावले. एकदा लावलेली पोफळ पाच-सात वर्षांनी फळ देऊ लागते आणि पुढे काही दशके देत राहते. आजच्या भिंतीच्या भरवशावर लावलेले झाड आणखी तीस वर्षे सुपारी देईल. ती सुपारी कुणाच्या तरी तोंडात जाणारच.

सरकारचा दुसरा हात याच वेळी उलट दिशेने चालतो. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी घातली, नंतरच्या आदेशांत सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही आली. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना करताना पान मसाल्याला ४० टक्क्यांच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसवले. डिसेंबरमध्ये त्यावर आरोग्य व राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने वेगळा उपकर लावणारा कायदाही संसदेने केला. म्हणजे वाणिज्य मंत्रालय कच्च्या मालाचा भाव राखणार, अर्थ मंत्रालय पक्क्या मालावर दंड लावणार, राज्याचे अन्न व औषध प्रशासन तो जप्त करणार आणि आरोग्य खाते तोंड तपासणार. चारही खात्यांच्या फायली आपापल्या जागी बिनचूक असतील.

भिंत जितकी उंच, तितकी तिच्याखालची भुयारे खोल. इंडोनेशिया, म्यानमार, श्रीलंका इथली सुपारी स्वस्त आहे आणि आपल्याकडे मागणी भरपूर. हा फरक खिशात घालण्यासाठी काय काय केले जाते, ते वाचताना कादंबरी वाचल्यासारखे वाटते. शेजारी देशांशी असलेल्या करारांत काही मालाला शुल्कसवलत मिळते, म्हणून तिसऱ्याच देशाची सुपारी शेजाऱ्याच्या उत्पत्ती प्रमाणपत्रावर आणायची. ईशान्येकडे म्यानमारच्या सीमेवरून ट्रकांनी आणायची. किंवा सुपारी ‘भाजलेली’ आहे असे दाखवायचे. कच्च्या सुकवलेल्या सुपारीचे शुल्क-शीर्षक वेगळे आणि प्रक्रिया केलेल्या फळांचे वेगळे, दुसऱ्याला किमान किमतीची अट लागू नव्हती. भट्टीतून एक फेरी मारली की ३५१ चा प्रश्न मिटला! अखेर एप्रिल २०२५ मध्ये सरकारने भाजलेल्या सुपारीलाही तीच अट लावली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये भूतानमधून वर्षाला १७,००० टन ओली सुपारी किमान किमतीच्या अटीशिवाय आणायला परवानगी दिली होती. तेव्हा कर्नाटकच्या बागाईतदारांत मोठी खळबळ उडाली होती.

यातला आणखी एक गमतीचा भाग आहे. सीमाशुल्कात चोरी म्हणजे एरवी मालाची किंमत कमी दाखवणे. इथे उलटे. ज्या करारात शुल्क माफ आहे, तिथे फक्त ३५१ ची अट पार करायची असते, म्हणून दीडशेची सुपारी ३५१ ची म्हणून दाखवायची. मधले दोनशे रुपये मग कागदावर बाहेर जातात आणि दुसऱ्या वाटेने परत येतात. भिंत सुपारीसाठी बांधली आणि रस्ता हवालाला मिळाला.

नागपूर ही या व्यापाराची जुनी पेठ. तिथल्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिल्यानंतर २०२१ मध्ये सीबीआयने सुपारीच्या तस्करीचा गुन्हा नोंदवला. नागपूरकरांच्या तोंडी ‘सडकी सुपारी’ हा शब्द आहे, तो उगाच नाही. चोरवाटेने आलेला माल बंदरावरच्या अन्नसुरक्षा तपासणीतून जात नाही. ओलसर राहिलेल्या, महिनोन् महिने कोंडलेल्या सुपारीवर बुरशी चढते, तीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते आणि तेही कर्करोगकारकांच्या पहिल्याच गटातले आहे. गंधकाची धुरी देऊन अशा मालाला पुन्हा गोरेपण आणले जाते. मात्र इथे एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. ‘सडकी सुपारी वाईट’ या वाक्याचा बाजारात लगेच ‘चांगली सुपारी चांगली’ असा अर्थ होतो. २००४ च्या वर्गीकरणात सुपारीची प्रत पाहिलेली नाही. अव्वल रोठा असो की नागपूरच्या गोदामातला काळा तुकडा, अरेकोलिन आणि तांबे दोन्हींत आहे.

आता पुन्हा श्रीवर्धनला येऊ, कारण भिंतीचा सगळा कारभार चालतो तो ‘आपल्या शेतकऱ्यासाठी’ या शब्दांवर.

बागाईतदाराला भिंतीतून काय मिळते? आयातशुल्काची मदत माणसाला मिळत नाही, किलोला मिळते. शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतरावर पोफळी लावल्या तर हेक्टरी सुमारे १,३७० झाडे बसतात. झाडामागे वर्षाला दोन किलो सुकी सुपारी धरू. समजा भिंतीमुळे भाव किलोला शंभर रुपयांनी वर राहतो. तर पाच गुंठ्यांच्या वाडीला वर्षाकाठी साडेतेरा हजार मिळतात आणि कर्नाटकातल्या पाच हेक्टरच्या बागेला साडेतेरा लाख. दोघांच्याही नावाने संसदेत एकच भाषण होते. भाषण करणारे खासदार बहुतेक कर्नाटक-केरळच्या किनाऱ्याचे आणि मलनाडचे असतात, आणि ते त्यांच्या मतदारसंघासाठी करतात यात गैर काही नाही. १९७३ मध्ये स्थापन झालेली मंगळूरची ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था तिथे बलवान आहे, तिची मागणी दिल्लीत ऐकली जाते. कोकणचा वाडीवाला या गाडीत मागच्या बाकावर बसला आहे. गाडी कुठे चालली हे त्याला कोणी विचारत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा याचा खरा अर्थ दिसला. ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यात श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरच्या वाड्या अक्षरशः झोपल्या. पोफळ सडपातळ आणि उंच, तिचे मूळ वरवरचे. एक मोडली की शेजारच्या दोन घेऊन पडते. तीन पिढ्यांची वाडी एका दुपारी गेली. त्या दिवशीही आयातीची किमान किंमत किलोला २५१ रुपये होती आणि सीमाशुल्क १०० टक्के होते. पण विकायला सुपारीच नसलेल्या माणसाला भावाच्या भिंतीचा काय उपयोग? त्याला हवी होती झाडाची किंमत, लाकूड उचलायला करवती, आणि पुढची पाच-सात वर्षे काढायला पैसा. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. हा आकडा ऐकायला ठीक वाटतो, पण वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. पाच गुंठ्यांना अडीच हजार रुपये. ओरड झाल्यावर पुढे झाडांच्या संख्येवर मदत देण्याचे ठरले. हा हिशेब पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता.

त्या वेळी एक संधी मात्र आली होती. उभी वाडी तोडून दुसरे पीक लाव, असे कोणत्याही शेतकऱ्याला सांगता येत नाही, सांगूही नये. पण वाऱ्याने ती आधीच मोकळी केली होती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी घेण्याची ‘लाखी बाग’ केव्हाच आखून ठेवली आहे. विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र तर श्रीवर्धनमध्येच आहे. तंबाखूच्या शेतकऱ्यांना पर्यायी उपजीविका द्यावी, असे जागतिक तंबाखू नियंत्रण करार सांगतो आणि भारताने तो २००४ मध्ये स्वीकारला. सुपारी तंबाखू नाही, म्हणून त्या करारात ती बसत नाही. कर्करोगाच्या यादीत आहे, पण पुनर्वसनाच्या यादीत नाही, अशी तिची त्रिशंकू अवस्था. वाडीवाल्यांनी मग जे येत होते तेच पुन्हा लावले, नारळ आणि पोफळ. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भाव ज्याला होता, तेच त्यांनी लावले.

तैवानने वेगळी वाट धरली होती. तिथेही सुपारी खाणारे पुष्कळ, विशेषतः ट्रकचालक आणि मजूर, आणि डोंगरउतारांवर पोफळीच पोफळी. सरकारने सुपारीला उत्तेजन द्यायचे नाही असे ठरवले आणि २०१४ पासून पोफळ काढून दुसरे पीक लावणाऱ्याला अनुदान द्यायला सुरुवात केली. जोडीला तीस वर्षांवरील सुपारी खाणाऱ्यांची आणि धूम्रपान करणाऱ्यांची दर दोन वर्षांनी तोंडाची मोफत तपासणी. लागवड आणि खाणारे, दोन्ही कमी होत गेले. आपल्याकडे किमान किमतीची अधिसूचना काढायला एक पान पुरते, अशा कामाला दहा वर्षे लागतात. म्हणून राजकारणाला पहिले सोपे वाटते.

आणि पर्यायांचीही परीक्षा सोपी नसते. पोफळीच्या झावळीच्या बुडाशी जे रुंद, चिवट आवरण असते, त्याच्या पत्रावळी आणि ताटल्या करण्याचा उद्योग दक्षिणेत चांगला वाढला. प्लास्टिकला पर्याय म्हणून त्या अमेरिकेत जाऊ लागल्या. मे २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने हात वर केला: या ताटल्यांतून सुपारीतलेच अल्कलॉइड अन्नात उतरू शकतात, तेव्हा अन्नासाठी त्या सुरक्षित मानता येत नाहीत. शुल्क शून्य असो की पन्नास टक्के, अशा मालाला दार बंद. ही आरोग्याची भिंत की व्यापाराची, असा संशय घेणारे इथे आहेत आणि अमेरिकेचा इतिहास पाहता तो संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण थायलंडच्या निकालातली कसोटी इथेही लावून पाहता येते. अमेरिकेत पोफळ पिकत नाही, संरक्षण देण्याजोगा पोफळीच्या ताटल्यांचा देशी उद्योग तिथे नाही. या एका बाबतीत तरी शास्त्राचे म्हणणे शास्त्र म्हणूनच ऐकावे असे मला वाटते, आणि ताटल्यांतून नेमके किती अरेकोलिन उतरते याचे मोजमाप आपल्या प्रयोगशाळांनी जगापुढे ठेवावे.

सुपारी खाणाऱ्यासाठी एक साधी तपासणी आहे, तिला ना शुल्क ना प्रमाणपत्र. आपल्या हाताची मधली तीन बोटे जुळवून उभी धरावीत आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. बोटे आत जात नसतील, तिखट खाताना तोंडाची आग होत असेल, गालाचे अस्तर फिकट आणि ताठ लागत असेल, तर दाढ दुखायची वाट न पाहता दंतवैद्याकडे किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जावे. पोराला हौसेने दिलेल्या गोड सुपारीच्या पुडीलाही हे सगळे लागू आहे.

‘निसर्ग’नंतर लावलेल्या पोफळींना आता, २०२६ च्या आसपास, पहिले शिंपुट धरू लागेल. त्याच वर्षी लावलेले बियांचे जायफळही जवळपास याच सुमारास फळावर आले असते. दापोलीच्या रोपवाटिकेत त्याची रोपे तेव्हाही होती. ती वाडीपर्यंत नेण्यासाठी मधल्या सात वर्षांचा खर्च उचलणारी योजना नव्हती, आणि ३५१ च्या अधिसूचनेत तिच्यासाठी रकाना नाही.